खिडकीची शेड आणि शेजारधर्म

विमानातल्या खिडकीची शेड कोणाची, याचं उत्तर कुठल्याच तिकिटावर छापलेलं नसतं. खिडकीच्या सीटसाठी वरचे पैसे मोजलेल्याला वाटतं, ती माझी. मधल्या सीटवर अंग चोरून बसलेल्याला वाटतं, ऊन माझ्याही डोळ्यांत येतंय, मग मला काहीच बोलायचा हक्क नाही? आणि आइल सीटवरच्याला लॅपटॉपच्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नसतं. तिघांचंही आपापल्या जागी खरं असतं, पण बोलत कोणीच नाही. एक जण सुस्कारे टाकतो, दुसरा मुद्दाम दिसेल असा कपाळावर हात धरतो, तिसरा आधी शेडकडे आणि मग छताकडे बघतो. मुंबई ते दिल्ली दोन तास असे कुढत काढणारी माणसं पुष्कळ दिसतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दिवसा, विमान वर स्थिरावल्यावर, शेडचा निर्णय खिडकीशी बसलेल्याचा. रात्रीच्या लांबच्या उड्डाणात तो सगळ्या केबिनचा. आणि विमान उडताना-उतरताना तो प्रवाशांपैकी कोणाचाच नाही. तेव्हा क्रू सांगेल तसं. एवढं पक्कं असलं की बरीचशी भांडणं सुरूच होत नाहीत. उरलेल्यांबद्दल बोलू.

उडता-उतरतानाचं प्रकरण सगळ्यांत सोपं, तरी लोक त्यातच लबाडी करतात. क्रू ओळीओळीतून "शेड वर घ्या" सांगत जातो, आपण ती वर करतो आणि क्रूची पाठ वळली की पुन्हा खाली ओढतो. हे करू नका. विमान घाईने रिकामं करायची वेळ आली, तर आग कोणत्या बाजूला आहे आणि कोणता दरवाजा उघडायचा नाही, हे क्रूला बाहेर बघूनच ठरवावं लागतं. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए-३५० विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. आत ३७९ माणसं होती. आठ दरवाजांपैकी तीनच वापरण्याजोगे होते आणि त्या तिनांतून सगळी माणसं जिवंत बाहेर पडली. कुठले तीन, हे बाहेर काय चाललंय ते बघूनच ठरवायचं असतं.

दुसरं कारण डोळ्यांचं. अंधारातून एकदम लख्ख उन्हात आलं की थोडा वेळ काही दिसत नाही. उजेडातून अंधारात गेलं तर त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणूनच रात्री उतरताना केबिनचे दिवे मंद करतात. मोठ्या प्रवासी विमानाला परवाना मिळण्याआधी निम्मे दरवाजे बंद ठेवून ते ९० सेकंदांत रिकामं होतं हे दाखवावं लागतं. २००६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला ए-३८० ची अशी चाचणी झाली, तेव्हा अंधारात ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर आली. हिशेब असा सेकंदांचा असताना डोळे सरावायला लागणारा वेळही त्यात धरावाच लागतो.

आपल्याकडे या नियमाने मध्यंतरी उलटी उडीही मारली होती. मे २०२५ मध्ये, सीमेवरच्या तणावानंतर, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, लष्कराच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेकडच्या, शेड बंद ठेवायला सांगितलं होतं. उडाल्यावर विमान १०,००० फुटांच्या वर जाईपर्यंत आणि उतरताना त्या उंचीखाली आल्यापासून जागेवर उभं राहीपर्यंत. संकटकालीन दरवाजांच्या ओळी तेवढ्या वगळलेल्या होत्या. तेव्हा "नियम तर शेड उघडी ठेवायचा आहे" म्हणून क्रूशी वाद घालणं जितकं चूक, तितकंच एरवी "मागच्या वेळी बंद करायला लावलं होतं" म्हणणंही चूक. त्या दिवशी, त्या विमानतळावर जी घोषणा होईल ती खरी. जाता जाता आणखी एक: पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे शेड उघडी असली तरी मोबाइल खिशात. लष्करी विमानतळावर फोटो आणि व्हिडिओ काढायला बंदी आहे, आणि रीलसाठी म्हणून ती कोणी सैल करणार नाही.

आता खरा वाद, दिवसाच्या उड्डाणातला.

खिडकीवाल्याचा निर्णय म्हणजे त्याची हुकूमत नव्हे. शेडची मूठ त्याच्या हाताशी आहे, एवढाच त्याचा मान. ऊन मात्र तिथेच थांबत नाही. सकाळच्या उड्डाणात सूर्य खाली असतो, किरण आडवे आत शिरतात आणि खिडकीवाल्याच्या नाकासमोरून जाऊन थेट तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांवर पडतात. खिडकीवाला सावलीत बसून ढग बघत असतो, त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो. म्हणून ज्याला त्रास होतोय त्याने बोलायचं, हा पहिला नियम. सुस्कारे टाकून शेड खाली येत नाही.

बोलायचं कसं? नेमकं आणि थोडक्यात. "काका, ऊन थेट डोळ्यांवर येतंय, शेड थोडी खाली घेता का?" एवढं पुरतं. "थोडी" हा शब्द महत्त्वाचा. शेड म्हणजे दिव्याचं बटण नाही, ती पाहिजे तिथे थांबते. खालची चार बोटं उघडी ठेवली तर खिडकीवाल्याला थोडं वाकून जमीन दिसते आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांवरचं ऊन जातं. या अर्ध्या शेडइतकी उपयोगी तडजोड विमानात दुसरी नाही आणि तिचा वापर इतका कमी का होतो, हे मला कळलेलं नाही. शिवाय विमान वळलं की ऊन पलीकडच्या बाजूला जातं. पाच मिनिटांनी "आता हवी तर उघडा" म्हटलंत, तर पुढच्या वेळी तो माणूस आपणहून विचारेल.

खिडकीवाल्याने काय करायचं? ऊन आत येतंय आणि आपण मोबाइल बघतोय किंवा झोपलोय, तर शेड खाली घ्यायची. खिडकी घेतली म्हणून ती सतत उघडीच ठेवली पाहिजे असं नाही. बाहेर खरोखर बघायचं असेल तर खुशाल बघा, त्याबद्दल कोणाची माफी मागायची गरज नाही. पैसे भरून, आधी उठून वेब चेक-इन करून जागा मिळवली आहे. पावसाळ्यात मुंबई सोडल्यावर ढगांच्या फटींतून हिरवागार सह्याद्री दिसत असताना "मला सिरियल बघायची आहे, शेड लावा" असं म्हणणाऱ्याला "थोड्या वेळाने लावतो" हे सभ्य उत्तर आहे. फक्त ते हसून द्यायचं.

मागच्या ओळीशी होणारी भांडणं शेजाऱ्याशी होणाऱ्या भांडणांपेक्षा जास्त कडू असतात. नागपूर–मुंबई विमानात माझ्या पुढच्या ओळीत एक बाई ढगांचे फोटो काढत होत्या. अचानक त्यांच्या मागून, सीट आणि भिंत यांच्यातल्या फटीतून, मनगटावर जाडजूड घड्याळ असलेला एक हात पुढे आला आणि त्याने शेड खटकन खाली ओढली. तोंडातून शब्द नाही. बाईंनी ती वर केली. हात पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला बाईंनी शेडच्या मुठीवर तळहातच ठेवला आणि उतरेपर्यंत काढला नाही. फोटो राहिले ते राहिलेच.

यात हात घालणाऱ्याची असभ्यता तर आहेच, पण मूळ घोटाळा विमानाच्या रचनेत आहे. खिडक्या विमानाच्या सांगाड्याच्या हिशेबाने बसवलेल्या असतात. आपण देशात ज्यातून सर्वाधिक फिरतो त्या ए-३२० जातीच्या विमानांत सांगाड्याच्या दोन कड्यांमध्ये सुमारे २१ इंचांचं अंतर असतं, बोइंग ७३७ मध्ये २०. सीटच्या ओळी मात्र एअरलाइन आपल्या हिशेबाने बसवते, आणि स्वस्त तिकिटांच्या विमानात दोन ओळींमधलं अंतर बहुधा २८ ते ३० इंच असतं. २१ आणि २९ यांचा मेळ कसा बसणार? म्हणून कोणाला दोन खिडक्या मिळतात, कोणाला दीड, आणि कोणाच्या नशिबी खांद्याशी नुसती भिंत. एसटीच्या सरकत्या काचेसारखंच हे: आपली काच उघडायला ढकलली की मागच्याची बंद होते, आणि दोघांनाही ती आपलीच वाटत असते.

मग सामाईक खिडकी कोणाची? माझा सोपा निकष आहे: मान मागे न वळवता जी खिडकी तुम्हाला दिसते ती तुमची. खांद्याच्या मागे गेलेली खिडकी मागच्या ओळीची, मग तुमचा हात तिथे सहज पोचत असला तरीही. पुढच्या माणसाच्या पाठीशी असलेली, पण तुमच्या डोळ्यांसमोर येणारी खिडकी तुमची. आणि ती कोणाचीही असो, दुसऱ्याच्या अंगावरून किंवा फटीतून हात घालायचा नाही. सीटवर हलकेच टकटक करून विचारायचं. क्रूला बोलावण्याच्या बटणापेक्षाही हे सोपं आहे.

पैसे भरून घेतलेल्या खिडकीच्या जागी भिंत निघाली तर? हे सगळीकडे घडतं. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांवर प्रवाशांनी खटले भरले ते यावरूनच: खिडकीच्या सीटचे पैसे घेतले आणि शेजारी खिडकीच नाही. भांडण कोर्टात नेण्याइतका वेळ आपल्याकडे नसेल, तर सीट निवडण्याआधी एअरोलोपा या संकेतस्थळावर आपल्या विमानाचा नकाशा बघा. कोणत्या ओळीशेजारी खिडकी नेमकी कुठे येते, ते त्यात दिसतं. पुढच्या-मागच्या ओळीशी होऊ घातलेला वादही तिथेच कळून येतो.

सीट निवडताना सूर्याचाही विचार करा. याने जितकी भांडणं टळतात, तितकी कुठल्याही गोड बोलण्याने टळत नाहीत. ए ही सीट नेहमी डाव्या हाताला. मुंबईहून दिल्लीला जाताना विमानाचं तोंड उत्तरेकडे, म्हणजे सकाळी ऊन उजवीकडून येणार आणि संध्याकाळी डावीकडून. सकाळी सातच्या विमानात झोपायचं असेल तर डावी बाजू घ्या. दिल्लीहून परतताना सगळं उलट. गोव्याला किंवा बेंगळुरूला जाताना सकाळी डावी बाजू तापते, संध्याकाळी उजवी. नागपूर किंवा कोलकात्यासारख्या पूर्व-पश्चिम प्रवासात पहाटे आणि सूर्यास्ताला सूर्य जवळपास नाकासमोर किंवा पाठीशी असतो, त्यामुळे दोन्ही बाजू बऱ्या. पण हिवाळ्यात दुपारच्या विमानात दक्षिणेकडची बाजू टाळावी. पूर्वेला जाताना ती उजवी, परतताना डावी. दुपारी लंडनला निघालात तर विमान वायव्येला जातं आणि सूर्यही पश्चिमेकडेच निघालेला असतो. मावळायचं नावच घेत नाही. डाव्या बाजूच्यांना तासन् तास शेड लावून बसावं लागतं.

अडचण एवढीच की ऊन आणि देखावा बऱ्याचदा एकाच बाजूला असतात. संध्याकाळी मुंबई–गोवा करताना समुद्रात बुडणारा सूर्य बघायचा तर उजवीकडेच बसावं लागणार आणि डोळे दिपणार. दिल्ली–बागडोगरा मात्र नशीबवान मार्ग आहे: हिमालय डावीकडे, उत्तरेला, आणि ऊन बहुतेक उजवीकडे. तिथे डावी खिडकी मिळाली तर शेड लावायला सांगणाऱ्याला एकदा बाहेर बघायला सांगा. तोच मग मान पुढे काढून बसेल.

रात्रीच्या लांबच्या उड्डाणात मात्र मी खिडकीवाल्याची बाजू घेत नाही. जेवण झालं, दिवे मालवले, तीनशे माणसं जेमतेम डोळा लावतायत, अशा वेळी एक शेड अर्धी उघडली तरी उन्हाचा पट्टा चार ओळी ओलांडून जातो. पूर्वेकडे येणाऱ्या विमानांत हे हमखास घडतं, कारण तिथे रात्रच आखूड होते. लंडनहून रात्री नऊ-साडेनऊला निघून मुंबईला येताना निम्म्या वाटेवर उजाडतं. तेव्हा बाहेर सोनेरी सकाळ असते, लंडनच्या घड्याळात रात्रीचे दोन-अडीच वाजलेले असतात आणि शरीर लंडनचंच घड्याळ मानत असतं. सूर्योदय बघायचा मोह मला समजतो. तर मग शेड दोन बोटं उचला, डोक्यावरून शाल किंवा ब्लँकेट घेऊन त्या फटीशी नाक लावा, पोटभर बघा आणि पुन्हा लावा. हास्यास्पद दिसतं, पण कोणाची झोप मोडत नाही. वाचनासाठी डोक्यावरचा दिवा आहे, त्याचा झोत आपल्या मांडीपुरता असतो. मोबाइलचा टॉर्च लावून बॅग धुंडाळणारे शेडवाल्यांपेक्षा वाईट, पण तो वेगळा लेख होईल.

बोइंग ७८७, म्हणजे ड्रीमलायनरमध्ये शेडच नसते. एअर इंडियाकडे ही विमानं २०१२ पासून आहेत. खिडकी मोठी, उंचीला साधारण १९ इंच, आणि खाली एक बटण. ते दाबलं की काच हळूहळू निळी होत जाते. हळूहळू म्हणजे खरंच हळू, मिनिट-दीड मिनिट लागू शकतं. लोक बटण पुन्हा पुन्हा दाबतात आणि बिघडलंय असं समजून क्रूला बोलावतात. या विमानांत क्रू सगळ्या खिडक्या एका जागेवरून गडद करू शकतो आणि त्या तशाच राहतील अशी सोयही करू शकतो. रात्री बटण चालत नसेल तर बहुधा कारण हेच. शेजाऱ्याशी भांडायचं कारण उरत नाही; तक्रार असेल तर ती क्रूकडे. मात्र गडद केलेल्या काचेतूनही सूर्याचा गोळा बऱ्यापैकी डोळ्यांत खुपतो, आणि अर्धी शेड लावायची सोय इथे नाही.

काही माणसांना शेडची गरज इतरांपेक्षा जास्त असते. मळमळणाऱ्याला क्षितिज दिसलं की बरं वाटतं. विमानाची भीती असणाऱ्यांपैकी कोणाला बाहेर दिसलं तर धीर येतो, कोणाला न दिसलं तर. अर्धशिशीवाल्याला उजेडाचा पट्टा म्हणजे डोक्यात घण. हे शेजाऱ्याला चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून बसल्या बसल्याच सांगावं: "मला मायग्रेनचा त्रास आहे, ऊन आलं तर शेड लावाल का?" विमान सुटण्याआधीच्या विनंतीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. तासाभराने, आधीच वैतागलेल्या आवाजात केलेल्या मागणीला म्हणतात.

सीट बदलून मागायची असेल तर बरोबरीची द्या: खिडकीच्या बदल्यात खिडकी, आइलच्या बदल्यात आइल. "बाळाला खिडकी पाहिजे" म्हणून कोणाला मागच्या ओळीतल्या मधल्या सीटवर पाठवू नका. आणि एटीआरसारख्या लहान विमानात क्रूला न विचारता जागा बदलू नका, तिथे वजनाचा समतोल सांभाळावा लागतो.

इतकं करूनही समोरचा ऐकत नसेल, तर एकदा विचारायचं, दुसऱ्यांदा क्रूला सांगायचं, आणि तिसऱ्यांदा काहीच करायचं नाही. आवाज चढवलात तर बाजू तुमची असली तरी अडचणीत तुम्हीच याल. डीजीसीएने २०१७ मध्ये बेशिस्त प्रवाशांसाठी तीन पायऱ्या ठरवल्या. शिवीगाळ, अर्वाच्य हातवारे यांसाठी तीन महिन्यांपर्यंत, धक्काबुक्कीसाठी सहा महिन्यांपर्यंत आणि विमानाला किंवा कोणाच्या जिवाला धोका होईल अशा वागण्यासाठी किमान दोन वर्षं विमानबंदी. शेडवरून सुरू झालेलं भांडण दुसऱ्या पायरीवर जायला एक ढकलाढकली पुरते. त्यापेक्षा शे-दोनशे रुपयांचा एक आयमास्क घेऊन ठेवा. फक्त तो केबिन बॅगेत ठेवा. चेक-इन बॅगेतला आयमास्क मुंबई–दिल्लीत कोणाच्या उपयोगी पडत नाही.